मासा किती वाढला?

गेल्या हिवाळ्यात पाचोरा तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचनाची प्रतिकृती असे नेहमीचे प्रयोग पाहत पाहत मी एका टेबलाशी थांबलो. टेबलावर काचेच्या दोन मोठ्या टाक्या होत्या आणि प्रत्येकीत रोहू माशाची पंधरा-पंधरा बोटुकली पोहत होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशाची पिले. मत्स्यव्यवसायात हाच शब्द रूढ आहे. नववीतील एक मुलगा आणि एक मुलगी असे दोघांनी मिळून हा प्रयोग केला होता. पहिल्या टाकीतील माशांना त्यांनी शेंगदाण्याची पेंड व तांदळाचा कोंडा दिला. दुसऱ्या टाकीत तेच खाद्य, पण त्यात वाळवून कुटलेला अझोला मिसळलेला. अझोला ही पाण्यावर तरंगणारी, नेच्याच्या कुळातील एक इवलीशी वनस्पती आहे.

सुरुवातीला दोन्ही टाक्यांतील माशांचे सरासरी वजन १० ग्रॅम होते. तीस दिवसांनंतर पहिल्या टाकीत ते १२ ग्रॅम भरले, दुसऱ्या टाकीत १३. म्हणजे एकीकडे वाढ २ ग्रॅम आणि दुसरीकडे ३. फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘अझोलायुक्त खाद्याने माशांची वाढ दीडपट!’ मुलांनी नोंदवही नीट ठेवली होती, आलेख स्वच्छ काढले होते. मी त्यांना पहिला क्रमांक दिला.

निघताना त्या मुलाचे वडील भेटले. त्यांनी शेतात प्लॅस्टिकचा कागद अंथरून शेततळे केले आहे आणि येत्या पावसाळ्यात त्यात मासे सोडायचे त्यांच्या मनात आहे. त्यांनी सरळ विचारले, “मग सर, अझोलाच टाकू ना? पेंड फार महाग पडते.”

मत्स्यपालनात एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च बहुधा खाद्यावरच होतो. तेव्हा त्यांचा प्रश्न पैशाचा होता. मी ‘हो’ म्हणणार, तोच माझ्या लक्षात आले की, मुलांनी मासे कसे तोलले हे मी विचारलेच नव्हते! पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने व्हर्नियरची शून्यत्रुटी लिहिली नाही तर मी त्याचा गुण कापतो, आणि येथे मात्र रंगीत आलेखावर भुललो. “दोन दिवसांनी सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

वजाबाकीतला धोका

वाढ ही आपण थेट मोजत नाही. आपण आज वजन घेतो, महिन्याने पुन्हा घेतो आणि एकातून दुसरे वजा करतो. येथेच खरी गोम आहे. प्रत्येक मापात थोडी त्रुटी असते, आणि दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढली की त्रुटी मात्र लहान होत नाही, उलट वाढते.

समजा, १० ग्रॅमचा मासा तोलताना ०.४ ग्रॅम इकडेतिकडे होते. ही त्रुटी ४ टक्के झाली. काही वाईट नाही, असे कोणीही म्हणेल. महिन्याने १२ ग्रॅम वजन घेतानाही तेवढीच त्रुटी झाली. या दोन त्रुटी एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. ०.१६ अधिक ०.१६ म्हणजे ०.३२, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.५७. म्हणजे वाढ आली २ ग्रॅम, कमी-अधिक ०.५७. शेकडा २८ त्रुटी! वजनात ४ टक्के होती ती वाढीत सातपट झाली.

आता हीच संख्या पुढे कोठे जाते ते पहा. एक ग्रॅम वाढीसाठी किती ग्रॅम खाद्य लागले, या गुणोत्तरावर मत्स्यपालनाचा सारा हिशेब चालतो. महिन्यात एका माशाला ४ ग्रॅम खाद्य दिले असेल तर हे गुणोत्तर ४ भागिले २, म्हणजे २ येते. पण वाढ १.४३ पासून २.५७ पर्यंत काहीही असू शकत असेल तर गुणोत्तर २.८ पासून १.५६ पर्यंत कोठेही असू शकेल. पहिल्या टोकाला धंदा बुडतो, दुसऱ्या टोकाला तो भरभराटीला येतो. आणि हा सारा फरक तराजूपाशी झालेल्या अर्ध्या ग्रॅमचा आहे.

बादलीतला मासा

दोन दिवसांनी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. मुलांनी आपली रीत दाखवली. स्वयंपाकघरात असतो तसा एक ग्रॅमपर्यंत वाचणारा इलेक्ट्रॉनिक काटा. त्यावर पाण्याने अर्धे भरलेले पातेले ठेवायचे आणि काटा शून्यावर आणायचा. मग टाकीतून मोठ्या गाळणीने एक मासा उचलायचा आणि पातेल्यात सोडायचा. काटा जे दाखवील ते माशाचे वजन. एकामागून एक पंधरा मासे असेच सोडायचे, शेवटचे माप वाचायचे आणि पंधरांनी भागायचे.

“पण सर, मासा तर पाण्यात तरंगतो. मग त्याचे वजन काट्यावर कसे येते?” असे तेथील एका छोट्याने विचारले. प्रश्न चांगला होता. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याविषयी अशी एक आख्यायिका आहे की, काठोकाठ भरलेल्या बादलीत जिवंत मासा सोडला तर बादलीचे वजन वाढत नाही, मेलेला टाकला तर वाढते, असे का, हा प्रश्न त्याने विद्वानांना घातला. विद्वानांनी मोठमोठी स्पष्टीकरणे दिली म्हणे. बादली तोलून पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

माशाच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते. तिच्यामुळे माशाची सरासरी घनता पाण्याच्या घनतेइतकीच राहते. म्हणून दोऱ्याने ताणकाट्याला टांगून मासा पाण्यात सोडला तर ताणकाटा जवळजवळ शून्य दाखवील. पाणी माशाला जेवढ्या बलाने वर उचलते तेवढ्याच बलाने मासा पाण्याला खाली दाबतो, हा न्यूटनचा तिसरा नियम. तो दाब पातेल्याच्या तळावर आणि तेथून काट्यावर येतो. त्यामुळे पातेले काट्यावर असेल तर माशाचे पूर्ण वजन काट्यावर उमटते, मग मासा जिवंत असो वा मेलेला. मासा उसळी मारतो तेव्हा आकडा क्षणभर नाचतो एवढेच. तो स्थिरावेपर्यंत थांबावे. (काटेकोर बोलायचे तर येथे ‘वजन’ऐवजी ‘वस्तुमान’ म्हणायला हवे. पण बाजारात आणि मत्स्यशाळेत सगळे वजनच म्हणतात, तेव्हा आपणही तसेच म्हणू.)

तेव्हा मुलांची रीत मुळात चुकीची नव्हती. मासा पाण्यातच राहतो, तडफडत नाही, आणि काट्यावरून खाली पडत नाही. मत्स्यसंशोधनातही जिवंत लहान मासे असेच पाण्यात तोलतात. मग घोटाळा कोठे होता? मी मुलांना म्हटले, “आता मासा न घेता रिकामी गाळणी टाकीत बुडवा आणि अगदी मासा सोडता तशीच पातेल्यात झटका. दहा वेळा करा.” आधी मुलीने केले. ती शांत स्वभावाची. गाळणी वर काढून, पाणी निथळू देऊन, मग पातेल्याकडे नेई. दहा फेऱ्यांनंतर काट्याने ४ ग्रॅम दाखवले. मग मुलाने केले. तो चपळ; मासा फार वेळ पाण्याबाहेर राहू नये म्हणून त्याची घाई. दहा फेऱ्यांत ११ ग्रॅम!

म्हणजे मुलीच्या हातून दर फेरीला ०.४ ग्रॅम पाणी पातेल्यात जात होते, आणि मुलाच्या हातून १.१ ग्रॅम. मी विचारले, “शेवटचे वजन कोणी घेतले होते?” दोघे एकमेकांकडे पाहू लागली. सुरुवातीला तीसही मासे मुलीनेच तोलले होते. शेवटी मात्र वेळ वाचावा म्हणून पहिली टाकी मुलीने तोलली आणि दुसरी मुलाने. अझोल्याच्या टाकीतील प्रत्येक माशाबरोबर ०.७ ग्रॅम जास्तीचे पाणी तोलले गेले होते. एक ग्रॅमच्या फरकातून तेवढे वजा केले की उरले ०.३ ग्रॅम.

मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटले, “तुझी घाई माशाच्या काळजीने होती, आणि चूक तर परीक्षकाचीही आहे.” मग मी मुख्याध्यापकांनाही तसे सांगितले.

लहान माशाला जास्त पाणी

रिकाम्या गाळणीची ही फेरी कोणत्याही प्रयोगात करावी. पण तिने सगळे पाणी सापडत नाही. माशाच्या अंगावर, कल्ल्यांत आणि तोंडात जे पाणी राहते ते रिकाम्या गाळणीत दिसत नाही. मासा पाण्यात सोडून तोलला तरी हे पाणी त्याच्याबरोबर पातेल्यात येतेच. ते किती असेल, याचा अंदाज आपण कागदावर करू.

माशाच्या अंगाचे क्षेत्रफळ त्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात. एक ग्रॅमच्या माशाच्या अंगाचे क्षेत्रफळ ढोबळ मानाने १० चौरस सेंटिमीटर धरा. त्यावर ०.१ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर राहिला तर पाणी झाले ०.१ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या १० टक्के. दहा ग्रॅमच्या माशाला हाच हिशेब लावला तर सुमारे ४.६ टक्के येतात. एक किलोच्या माशाचे क्षेत्रफळ १००० चौरस सेंटिमीटर, पाणी १० ग्रॅम, पण वजनाच्या फक्त १ टक्का. बाजारात किलोभर रोहू ओला तोलला म्हणून आपण भांडत नाही, ते बरोबरच आहे. पण एक ग्रॅमचे पिलू ओले तोलणे म्हणजे दहावा हिस्सा पाणीच तोलणे झाले.

हाच प्रश्न एका मराठी संख्याशास्त्रज्ञाला शेतात भेटला होता. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९४० नंतरच्या दशकात ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत होते. एखाद्या जिल्ह्यात पीक किती आले हे ठरवण्यासाठी काही शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडायची, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे, अशी पद्धत तेव्हा रूढ होत होती. तुकडा लहान घेतला तर काम हलके होते. पण सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की, लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण कडेवरची रोपे आत घ्यायची की बाहेर ठेवायची अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे झुकतो. आणि लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त असते. माशाच्या अंगावरचे पाणी आणि तुकड्याच्या कडेवरचे ताट यांचे गणित एकच आहे. सुखात्मे आणि डॉ. व्ही. जी. पानसे यांनी मिळून शेती-संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झाले. शेतीच्या आणि मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. पानसे यांचे काम इंदूरला, कापसाच्या पिकावर. आमच्या खानदेशात कापसाचे महत्त्व काय, हे सांगायला नकोच.

मग उपाय काय? मासे टिपून कोरडे करावेत, असे तुम्ही म्हणाल. पण माशाच्या अंगावर एक बुळबुळीत आवरण असते आणि ते त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करते. कोरड्या फडक्याने ते निघून जाते. म्हणून फडके ओले करून घट्ट पिळलेले असावे, हातही ओले असावेत, आणि मासा क्षणभरच टेकवावा. संशोधनशाळेत लवंगेच्या तेलातील युजेनॉल किंवा ट्रायकेन या औषधाची सौम्य मात्रा देऊन माशाला गुंगी आणतात व मग तोलतात. शाळेत तो उद्योग करू नये. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्व वेळी सर्व मासे एकाच माणसाने, एकाच रीतीने, मनात दहा अंक मोजेपर्यंत निथळू देऊन तोलणे. थोडे पाणी तरीही राहील, पण दोन्ही वेळी सारखेच राहिले तर वजाबाकीत ते बहुतांशी निघून जाईल.

पोटातल्या खाद्याचेही तसेच आहे. भरल्या पोटी तोललेला मासा आणि उपाशी तोललेला मासा यांची तुलना होत नाही. म्हणून तोलण्यापूर्वी सुमारे २४ तास खाद्य बंद ठेवण्याची रीत आहे. हाताळलेला मासा पुढे एक-दोन दिवस नीट खात नाही, हेही लक्षात ठेवा. रोज रोज मोजाल तर वाढच खुंटेल, आणि एका दिवसाची वाढ त्रुटीपेक्षा लहान असल्याने हाती काही लागणार नाही. पंधरा दिवसांचे अंतर ठीक.

वजनाऐवजी लांबी मोजावी तर? तीत पाण्याचा प्रश्न नाही. मात्र वजन लांबीच्या घनाप्रमाणे बदलत असल्याने लांबीत १ टक्का चूक म्हणजे वजनात ३ टक्के चूक. शिवाय लांबी कोठपर्यंत मोजायची हे आधी ठरवावे लागते : शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या खाचेपर्यंत, की शेपटी जेथे सुरू होते तेथपर्यंत. शेपटीचे टोक झिजते, कुरतडले जाते. म्हणून बरेच जण शेवटचे माप पसंत करतात.

आजकाल हातात मोबाईल असतो, तेव्हा वरून फोटो काढून लांबी मोजण्याचा मोह होतो. येथे प्रकाशाचे वक्रीभवन आडवे येते. समजा, कॅमेरा पाण्याच्या ५० सेंटिमीटर वर आहे आणि मासा २० सेंटिमीटर खोल. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणून मासा १५ सेंटिमीटरवरच असल्यासारखा दिसतो. अंतर ७० ऐवजी ६५ झाले, मासा सुमारे ७.७ टक्के लांब दिसला, आणि त्यावरून वजन काढले तर ते जवळजवळ २५ टक्के फुगले! पसरट ताटलीत जेमतेम मासा बुडेल इतके पाणी घ्या, आणि माशाच्या शेजारी त्याच खोलीवर पट्टी ठेवा, म्हणजे दोघांवरही सारखाच परिणाम होईल.

दोन ग्रॅम मोठे की तीस?

वाढ सांगायची कशी, यावरही थोडे बोलू. १० ग्रॅमचा मासा तीस दिवसांत १२ ग्रॅम झाला आणि २०० ग्रॅमचा २३० झाला, तर जास्त कोण वाढला? ग्रॅममध्ये पाहिले तर दुसरा. पण वाढणारे शरीर बँकेतल्या चक्रवाढ ठेवीसारखे असते. जेवढे आहे त्यावरच नवी भर पडते. म्हणून शेवटच्या वजनाच्या नैसर्गिक लॉगॅरिथममधून सुरुवातीच्या वजनाचा नैसर्गिक लॉगॅरिथम वजा करतात, दिवसांनी भागतात आणि १०० ने गुणतात. पहिल्या माशाचा दर निघतो रोज ०.६१ टक्के, दुसऱ्याचा ०.४७ टक्के. रोज ०.६१ टक्के दराने वजन दुप्पट व्हायला सुमारे ११४ दिवस लागतील. मात्र हा दर मासा मोठा होतो तसा आपोआप कमी होत जातो. म्हणून लहान माशांचा दर मोठ्या माशांच्या दराशी ताडून खाद्याची निवड करू नये. सुरुवातीचे वजन दोन्हीकडे सारखेच हवे. त्या मुलांनी एवढे मात्र बरोबर केले होते.

सरासरीही फसवते. दहा मासे आहेत, पाच ८ ग्रॅमचे आणि पाच १२ ग्रॅमचे. सरासरी १०. लहानांपैकी दोन मेले. आता सरासरी १०.५! एकही मासा गुंजभर वाढला नाही, तरी कागदावर ५ टक्के वाढ झाली. टाकीत दांडगे मासे खाद्यावर तुटून पडतात आणि दुबळे मागे राहतात, तेव्हा असे मरण नेहमी दुबळ्यांच्याच वाट्याला येते. म्हणून किती मेले व त्यांचे वजन किती होते, ही नोंद वाढीच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. तळ्यातून नमुना घेताना उलटे होते. खाद्य टाकल्यावर वर येणारे धीट मासेच जाळ्यात सापडतात, आणि मालकाला वाटते की सगळे तळे असेच माजले आहे.

पंधरा मासे, पण टाकी एकच

आता त्या उरलेल्या ०.३ ग्रॅमकडे येऊ. तेवढा तरी फरक अझोल्याचा आहे ना? मी मुलांना एकेक मासा वेगळा तोलायला लावला. बारा ग्रॅमच्या आसपासच्या या माशांत सरासरीपासून होणारे विचलन सुमारे २ ग्रॅम होते. पंधरा माशांच्या सरासरीतील त्रुटी काढायला हे विचलन पंधराच्या वर्गमुळाने भागायचे : सुमारे ०.५२ ग्रॅम. दोन टाक्यांच्या सरासरींतील फरकाची त्रुटी, मघाचेच वर्गमूळ वापरून, ०.७३ ग्रॅम. तिच्यापुढे ०.३ ग्रॅम म्हणजे निम्म्याहूनही कमी. असा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो.

याहून खोल अडचण वेगळीच होती. दुसरी टाकी खिडकीपाशी होती. हिवाळ्यात सकाळचे ऊन तीवर येई. थर्मामीटर लावला तेव्हा तिचे पाणी पहिलीपेक्षा दोन अंशांनी गरम निघाले. मासा शीतरक्ताचा प्राणी; पाणी थंड असले की त्याची भूक मंदावते, ऊब मिळाली की तो जास्त खातो. आता वाढ अझोल्याने झाली की उन्हाने, हे कोणत्या तराजूने ठरवणार? आणि ऊन नसते तरी काहीतरी असतेच. एका टाकीत हवेचे बुडबुडे जास्त, एकीजवळून मुलांची ये-जा, एकीतला एखादा मासा भांडखोर. एका टाकीतले पंधराही मासे हे सारे एकत्रच भोगतात. त्यामुळे खाद्याच्या दृष्टीने त्या प्रयोगात पंधरा नमुने नव्हतेच. प्रत्येक खाद्याला नमुना होता एक, आणि तो म्हणजे ती टाकी.

मासे पन्नास केले तरी ही अडचण जात नाही. टाक्या वाढवाव्या लागतात. इंग्लंडमध्ये रोथामस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या काळात शेतीच्या प्रयोगांसाठी हा विचार पक्का केला. एकेक खत अनेक वाफ्यांना द्यायचे, आणि कोणत्या वाफ्याला कोणते हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मत्स्यसंशोधनात वाफ्याच्या जागी टाकी आली. मुंबईला वर्सोवा येथे १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणी खाद्याचे प्रयोग होतात तेव्हा एकेका खाद्याला साधारणतः तीन तरी टाक्या देतात.

याच अडचणीवर दुसरीही एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेत १९९२ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने रोहूची निवड-पैदास सुरू झाली. कोणत्या आईबापांची पिले जलद वाढतात हे शोधायचे होते. प्रत्येक कुटुंब वेगळ्या तळ्यात ठेवले असते तर चांगले कुटुंब की चांगले तळे, हा आपलाच प्रश्न उभा राहिला असता. म्हणून पिले थोडी मोठी झाल्यावर प्रत्येकाच्या शरीरात तांदळाच्या दाण्याएवढी एक खूणचकती सुईने बसवली आणि सगळी कुटुंबे एकाच तळ्यात सोडली. चकतीचा क्रमांक बाहेरून यंत्राने वाचता येतो. पाणी, ऊन, खाद्य सर्वांना एकच. मग वाढीत पडणारा फरक वंशाचा. प्रत्येक माशाचे आधीचे वजन त्याच माशाच्या नंतरच्या वजनाशी ताडता येते, हा आणखी फायदा. या निवडीतून पिढीमागे सुमारे १७ टक्के वाढ साधली. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ साली, या रोहूचे नाव ‘जयंती’ ठेवण्यात आले.

खाद्याच्या प्रयोगात ही युक्ती चालत नाही, कारण एकाच टाकीत एका माशाला पेंड आणि दुसऱ्याला अझोला कसा भरवणार? तेथे टाक्याच वाढवायला हव्यात. मी त्या शेतकरीदादांना फोन करून सांगितले की, अझोला चांगला की वाईट हे मुलांच्या प्रयोगावरून अजून ठरत नाही. एवढ्या भरवशावर पेंड बंदही करू नका आणि अझोल्यासाठी खर्चही करू नका. ते थोडे नाराज झाले. “तुम्ही तर पहिला नंबर दिला होता,” असे म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलांनी मात्र प्रयोग पुन्हा मांडला आहे. प्लॅस्टिकचे सहा सारखे टब शाळेच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात एका ओळीत ठेवले आहेत, तेथे थेट ऊन येत नाही. प्रत्येकात दहा मासे. तीन टबांना एक खाद्य आणि तीन टबांना दुसरे, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. दोन्ही खाद्ये एकसारख्या डब्यांत असून त्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ अशी अक्षरे आहेत. कोणत्या डब्यात अझोला आहे हे शाळेच्या शिपाईमामांनाच ठाऊक आहे, आणि ते सांगत नाहीत. ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा आमच्या महाविद्यालयातून नेला आहे. रोज सकाळी सहाही टबांचे तापमान लिहिले जाते. तोलायचे काम मुलीकडे. गाळणीतून पाणी निथळताना दहापर्यंत मोठ्याने मोजायचे काम मुलाने आपणहून मागून घेतले आहे. पुढचे वजन येत्या पंधरवड्यात घ्यायचे आहे.